सशाच्या वाटेनं चांदा

(‘वाचकांचे प्रश्न’ या सदरात या वेळी चंद्रपूर पाहायला गटानं निघालेल्या वाचकांची पत्रं घेतली आहेत. मूल तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेल्या आणि बावीस वर्षं मुलांना, मोठ्यांना हे शहर पायी फिरवून दाखवणाऱ्या शिक्षिका उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : नमस्कार मॅडम. आमची सातवीपर्यंतची शाळा, सिंदेवाही तालुक्यात. मागच्या वर्षी सहल चंद्रपूरला नेली. एका दिवसात नऊ ठिकाणं दाखवली. परत आल्यावर निबंध लिहायला दिला, तर निम्म्याहून जास्त मुलांनी बस आणि आइस्क्रीम यांवरच लिहिलं. वाईट वाटलं. यंदा शेहेचाळीस मुलं आहेत, पैसा तेवढाच आहे. काही वेगळं करता येईल का?
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, त्या मुलांवर रागावू नका. नऊ ठिकाणं म्हणजे नऊ वेळा चढा, नऊ वेळा उतरा, नऊ वेळा हजेरी. मुलांचा दिवस बसमध्येच गेला, मग ती बसवरच लिहिणार. माझ्या पहिल्या तीन सहली अगदी अशाच गेल्या. चौथ्या वर्षी मी ठिकाणांची यादी घरीच ठेवली आणि एक ससा घेऊन निघाले. तुम्हीही यंदा ससाच घ्या.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल, तरी मुलांना सांगायची म्हणून लिहिते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगभर गाठी-फोड होते. शिकारीला गेला असता तहान लागली, झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यातलं पाणी तो प्याला, त्यानं तोंड-अंग धुतलं आणि फोड गेले. त्या जागी अचलेश्वराचं देऊळ झालं. पुढे एकदा राजा तिथं फिरत असताना झुडपातून एक ससा उठला, त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका. आणि नवल असं की ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला! कुत्रा पुढे, ससा मागे, असे ते मोठं वेटोळं घालत धावले. शेवटी कुत्र्यानं उलटून सशाला मारलं. राणीनं सांगितलं, ज्या वाटेनं ससा धावला त्या वाटेनं तट बांधा, शहर वसवा. तेच चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर. १९६४ पर्यंत कागदोपत्रीही चांदाच होतं.

आता या गोष्टीत सहल बसवायची. शहराच्या तटाला चार दरवाजे आहेत : उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. आणि पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे : चोर, विठोबा, हनुमान, मसण आणि बगड. सगळा वेढा चालायचा नाही, शेहेचाळीस मुलं थकतील. पठाणपुऱ्यापासून सुरू करा आणि तटाच्या आतल्या बाजूनं, गल्ल्यांतून, अचलेश्वर दरवाज्यापर्यंत या. एवढंच. बस सोडून द्या आणि अचलेश्वरापाशी येऊन उभी राहायला सांगा.

पठाणपुऱ्यापाशी पोहोचलं की आधी खेळ. एक मूल ससा, एक मूल कुत्रा, बाकीची झुडपं. एका वर्षी आमचा ससा जोरात धावला, कुत्रा झालेला पोरगा त्याच्या पुढे पळाला, आणि रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावर बसलेले एक म्हातारे उठून आमच्याकडे आले. म्हणाले, “असा नाही जी धावला ससा. तुमचा ससा सरळ चालला. तो वाकडातिकडा धावला, म्हणून तर तट असा वाकडा हाय.” आणि त्यांनी काठीनं धुळीत वाट काढून दाखवली. कुठे वळला, कुठे दम खाल्ला, कुठे उलटला. त्यांच्या आजोबांनी त्यांना तशीच दाखवली होती म्हणे. पोरं खाली बसून त्या रेघेकडे पाहत राहिली. माझ्या भाषणात एवढा वेळ कधी शांत बसली नव्हती. त्या दिवसापासून मी पुस्तकातली गोष्ट आधी सांगते आणि मग तिथल्याच कुणाला तरी विचारते, “तुमच्याकडे कशी सांगतात?”

निघण्याआधी प्रत्येक वहीत मधोमध उभी रेघ मारून घ्या. डावीकडे लिहा ‘सांगतात’, उजवीकडे लिहा ‘नोंद आहे’. ससा डावीकडे. म्हाताऱ्यांची काठीची रेघही डावीकडे. १७५१ साली नीळकंठशहाकडून चांद्याचं राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, हे उजवीकडे. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून शहर घेतलं, हेही उजवीकडे. मुलांना ही वाटणी फार आवडते. वाटेत कुणी काही सांगितलं की लगेच विचारतात, “मॅडम, हे कोणत्या बाजूले लिहू?” चौथीच्या पोराला हा प्रश्न पडला, की तुमचं इतिहासाचं अर्धं काम झालं असं मी मानते.

नऊ-दहा मुलांचे पाच गट करा आणि प्रत्येक गटाला एकच काम द्या. एक गट दरवाज्यावरचं गोंड राजांचं चिन्ह काढेल. हत्तीवर चाल करून गेलेला सिंह आहे तो. डाव्या बाजूचा आणि उजव्या बाजूचा सारखा आहे का, नसेल तर फरक कुठे, हे चित्रातच दाखवायचं. एक गट भिंतीची जाडी पावलांनी मोजेल. एक गट दरवाज्याखाली दहा मिनिटं उभा राहून मोजेल : किती मोटारसायकली, किती सायकली, किती गुरं, डोक्यावर ओझं घेतलेली किती माणसं. एक गट तटाला लागून असलेल्या घरात विचारेल की तुम्ही इथं किती पिढ्या राहता. एका गटाला तटाची स्वच्छता द्या. तटावर वर्षानुवर्षं झाडोरा माजला होता, कचरा साठला होता. २०१७ साली इको-प्रो या चंद्रपूरच्या संस्थेची तरुण मंडळी कुदळ-फावडी घेऊन रोज सकाळी तिथं राबायला लागली. कुठं साफ आहे आणि कुठं परत घाण पडली, हे त्या गटानं पाहायचं. आणि सगळ्यांना आधीच सांगून ठेवा की दगडावर नाव कोरलं तर तो गुन्हा आहे. कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

आता मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट. खेड्यातल्या मुलाला शहर परकं वाटतं. राजा त्याचा नाही, दरवाजा त्याचा नाही, तो फक्त पाहुणा. हे मोडायचं असेल तर शहरात त्याचं गाव सापडायला हवं. माझ्या एका तुकडीत एका अशा गावची पोरगी होती ज्याच्या नावाच्या शेवटी ‘तुकूम’ आहे. आपल्या जिल्ह्यात अशी गावं बरीच आहेत. बसस्थानकाबाहेर ऑटोवाला ओरडत होता, “तुकूम! तुकूम! एक सीट!” ती माझा पदर ओढून म्हणाली, “मॅडम, हा आपल्या गावाले जाते का?” मी तिला तिथंच सांगितलं. गोंड राजांची रीत होती की जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळे. त्या जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपूरच्या तुकूम या वस्तीचा आणि तुझ्या गावच्या नावातला तुकूम हा शब्द एकच. तुझ्या गावातल्या कुण्या पूर्वजानं तलाव बांधला, म्हणून गावाला ते नाव. ती काही बोलली नाही. पण सहलीच्या निबंधात तिनं लिहिलं होतं, “माझ्या गावचा तलाव राजाला माहीत होता.”

तुमच्या सिंदेवाही तालुक्यात तर तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, पावलोपावली. सहलीच्या आदल्या आठवड्यात मुलांना गावच्या तलावाच्या पाळीवर न्या. पाळ किती उंच, पाणी धानाच्या कोणत्या बांध्यांना (शेताच्या तुकड्यांना) जातं, तलाव कुणी बांधला असं घरचे सांगतात, हे लिहून आणायला सांगा. मग चंद्रपुरात रामाळा तलावाच्या काठी डबे उघडा आणि त्याच वह्या काढून दोन्ही तलाव शेजारी-शेजारी मांडा. तिथं तुम्हाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

बाकी खर्चाचं थोडक्यात : आगारात जाऊन प्रासंगिक कराराची एस.टी. मागा, शालेय सहलीला भाड्यात सवलत असते, मुख्याध्यापकांचं पत्र लागतं. डिसेंबर किंवा जानेवारी. सकाळी पाचला गाव सोडा. डब्यात पोळी आणि कोरडी भाजी. आइस्क्रीम द्या, पण अचलेश्वराला पोहोचल्यावर, सगळ्या वह्या पाहून झाल्यावर.

प्रश्न : मॅडम, आम्ही पोंभुर्णा तालुक्यातल्या बचत गटाच्या अठरा जणी. दरवर्षी देवदर्शनाला जातो. यंदा आमच्यातली एक म्हणाली, एकदा बायांचं काही पाहू. चांद्यात बायांचं काही आहे का?
— अध्यक्ष, महिला बचत गट

उत्तर : ताई, आहे. आणि देवदर्शनही त्यातच होईल.

तुमची सफर राणी हिराईची करा. बीरशहा राजा गेल्यावर तिनं रामशहाला दत्तक घेतलं आणि तो लहान असेपर्यंत राज्याचा कारभार स्वतः पाहिला. नवऱ्याची समाधी तिनं बांधली, ती अचलेश्वर दरवाज्यापाशी गोंड राजांच्या समाध्यांमध्ये आहे, त्यांतली सगळ्यात देखणी. महाकालीचं देऊळही तिनंच बांधलं, तिथून थोड्याच अंतरावर, दरवाज्याबाहेर, झरपटीकडे. म्हणजे एका बाईनं उभ्या केलेल्या दोन इमारती, दोन्ही पायी एका सकाळी. आधी समाधी पाहा, मग देऊळ. उलटं केलंत तर देवळात गर्दीत सकाळ जाईल आणि समाधीपाशी पोहोचेपर्यंत ऊन चढेल.

समाधीपाशी घाई करू नका. सावलीत गोल बसा आणि एकीनं हिराईची हकीकत सांगायची, वाचून नाही, सांगायची. मग प्रत्येकीनं हिराईला विचारायचा एक प्रश्न सांगायचा. हे मी एका गटासोबत पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं होतं, बाया लाजतील. सत्तरीच्या एक आजी सगळ्यात आधी बोलल्या. खांबावर हात ठेवून म्हणाल्या, “बाई, तुझा नवरा गेला तेव्हा तुझ्या दिरांनी तुले काय म्हटलं?” सगळ्या गप्प. मग एकेक बोलायला लागली. कुणाच्या नवऱ्यामागे सातबाऱ्यावर नाव चढायला सहा वर्षं लागली, कुणाचं अजून चढलं नाही. दीड तास आम्ही तिथून हललो नाही. परत गेल्यावर त्यांतल्या चौघी मिळून तलाठ्याकडे गेल्या. माझ्या बावीस वर्षांतली ती सगळ्यात चांगली सहल.

चैत्रात मात्र येऊ नका. तेव्हा महाकालीची जत्रा असते. नांदेड-परभणीकडून लाखांनी माणसं येतात, पोतराज येतात, झरपटीच्या काठी मुक्काम पडतो. ते पाहण्यासारखं आहेच, पण ती वेगळी सहल. त्या दिवशी समाधीपाशी बोलणं होणार नाही.

दोन कामाच्या गोष्टी. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायांना अर्धं तिकीट आहे, म्हणून भाड्याची गाडी करू नका, रोजच्या बसनंच या. अठरा जणी एका बसमध्ये बसल्या तर प्रवासातही ओव्या होतात. आणि तटाच्या बाजूला बायांसाठी स्वच्छतागृहाची सोय नीट नाही. बसस्थानकावरच उरकून घ्या, नंतर देवळापाशी. हे कोणी सांगत नाही आणि मग बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. पाणी प्या.

मूलकडून येत असाल आणि वेळ उरला तर वाटेत चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तुमच्या गटात कुणी टोपल्या-सुपाचं काम करत असेल तर आधी विचारून, परवानगी घेऊन जा.

प्रश्न : आम्ही बारा निवृत्त मंडळी, गडचांदूरकडची. गुडघे सगळ्यांचेच गेलेले. पायी फिरणं जमत नाही, पण चंद्रपूर बघायचं आहे.
— एक आजोबा

उत्तर : काका, फिरू नका, बसा. सकाळी सातला जटपुरा दरवाज्याजवळ चहाच्या दुकानात बसा आणि नऊपर्यंत तिथंच राहा. गोंड राजांच्या काळातल्या त्या दरवाज्यातून आजचं सगळं शहर निघतं, शाळेची मुलं, दूधवाले, खाणीवर जाणारे. तुमच्यापैकी प्रत्येकानं आपण पहिल्यांदा चांद्याला कधी आलो, कशानं आलो, कशासाठी आलो हे सांगायचं. कोर्टाच्या कामाला, धान विकायला, दवाखान्यात, लग्नाचं सोनं घ्यायला. हे एकानं वहीत लिहून घ्या, आणि ती वही नातवंडांना द्या.

प्रश्न : मॅडम, माझं गाव मोहर्लीजवळ. बारावी झालो. ताडोब्याचे पर्यटक विचारतात, मंगळवारी जंगल बंद असते, मग काय पाहू? मला चंद्रपूर दाखवायचा धंदा करावा वाटतो. एका ओळखीच्यानं सांगितलं, संध्याकाळी मसण खिडकीपाशी नेऊन भुताच्या गोष्टी सांग, पैसे जास्त मिळतात. करू का? आणि मले इंग्रजी येत नाही.
— एक तरुण

उत्तर : बाळा, मंगळवार तू बरोबर हेरलास. एक पूर्ण दिवस रिकामा, हातात गाडी, आणि तीस-पस्तीस किलोमीटरवर पाचशे वर्षांचं शहर. हे आजवर फार थोड्यांच्या ध्यानात आलं. धंदा कर.

भूत मात्र विकू नकोस. मसण खिडकी म्हणजे प्रेत बाहेर न्यायची वाट. तिच्या आजूबाजूला माणसं राहतात, त्यांचे आजी-आजोबा त्याच वाटेनं गेले. तू अंधारात दहा परक्या माणसांना घेऊन तिथं किंचाळ्या काढल्यास, तर पुढच्या मंगळवारी तुला कोणी पाणीही विचारणार नाही, आणि ते बरोबरच होईल. शहर दाखवणाऱ्याची खरी पुंजी म्हणजे दारात उभी असलेली, त्याला ओळखणारी माणसं.

खोट्या गोष्टीनं काय होतं ते मी भोगलं आहे. एकदा पैसे देऊन एक माहितगार माणूस बोलावला. त्यानं मुलांना सांगितलं की इथून बल्लारपूरपर्यंत सोन्यानं भरलेलं भुयार आहे. झालं! त्यानंतर एकाही मुलानं वर पाहिलं नाही. जो तो जमिनीत भोक शोधत होता. दरवाज्यावरचा सिंह कोणी पाहिला नाही. आणि दोन महिन्यांनी वर्गात एक मुलगा उठून म्हणाला, “मॅडम, भुयाराचं तुम्ही आम्हाले सांगितलंच नव्हतं.” म्हणजे खोटं सांगणारा तो, आणि लपवणारी मी. गोष्ट सांगायला हरकत नाही. ससा सांग, तहानलेला राजा सांग. फक्त “असं सांगतात” हे दोन शब्द कधी गाळू नकोस.

आणि अंगावर काटा आणायचा असेल तर चांद्यात खरं काय कमी आहे? गोंड राजांच्या वाड्याच्या जागी आज जिल्हा कारागृह आहे. २१ ऑक्टोबर १८५८ ला तिथं बाबूराव पुल्लेसूर शेडमाके यांना फाशी दिली. १८३३ चा जन्म, म्हणजे पंचविशीतला पोरगा, तुझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. अहेरीकडच्या जंगलात इंग्रजांशी लढला. बाहेरच्या रस्त्यावर उभं राहून, आवाज न चढवता, एवढं सांग आणि दोन मिनिटं थांब. कारागृहाचे फोटो कोणाला काढू देऊ नकोस.

तिथून दीक्षाभूमीवर ने. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली हे सगळ्या देशाला माहीत आहे. पण दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेब चंद्रपूरला आले आणि इथंही लोकांनी दीक्षा घेतली. मुंबई-पुण्याच्या पर्यटकांना हे माहीत नसतं. मी सांगितलं की ते थबकतात. त्या दिवशी कुणाच्या घरून कोण चालत आलं होतं, कोण बैलगाडीनं आलं होतं, हे सांगणारे म्हातारे आता मोजकेच राहिले. त्यांच्यापैकी कुणी तुझ्या गावात असतील तर त्यांच्याजवळ बसून ऐकून घे. ती तुझी शिदोरी.

शेवटी एखाद्या उंच जागेवरून औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दाखव. २९२० मेगावॅट. पर्यटकाच्या शहरातला दिवा या धुरावर लागतो आणि धूर आपल्या छातीत जातो. हे तू न रागावता सांग, पण सांग.

इंग्रजीची काळजी करू नकोस. येणाऱ्यांतले बरेच मराठी-हिंदी बोलणारे. तुझ्या बोलीत बोल, त्यांना तीच ऐकायची असते. बारापेक्षा जास्त माणसं एका वेळी घेऊ नकोस, तेराव्याला ऐकू जात नाही. किती पैसे, किती तास, काय-काय पाहायचं, हे आदल्या दिवशी मोबाइलवर लिहून पाठव. दुकानदाराकडून कमिशन घेऊ नकोस. ज्या चहावाल्याकडे गट थांबेल त्याला आधी सांगून ठेव. मार्चनंतर नऊच्या आत सगळं आटोपायचं, आपल्या उन्हाला परकं माणूस टिकत नाही. आणि संरक्षित स्मारकाच्या आवारात पैसे घेऊन माहिती सांगण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात जाऊन नियम विचारून घे. चोरून केलेलं काम फार दिवस चालत नाही.

प्रश्न : मी अंध मुलांच्या वसतिगृहात काम करतो. चौदा मुलं-मुली. आमची मुलं शहर ‘पाहायला’ नेतो म्हटलं की लोक विचारतात, कशाला? त्यांच्यासाठी तुमच्याकडे काही आहे का?
— एक काळजीवाहक

उत्तर : दादा, तुमच्या पत्राची मी वाट पाहत होते, कारण चांद्यातली एक जागा हातांनीच पाहावी अशी आहे. लालपेठला जा.

तिथं उघड्या माळावर अखंड दगडांत कोरलेल्या प्रचंड मूर्ती पडल्या आहेत. रायप्पा नावाच्या कोमटी सावकारानं मोठं शिवमंदिर बांधायचं ठरवून त्या करवून घेतल्या असं सांगतात. देऊळ झालंच नाही. मूर्ती जिथं कोरल्या तिथंच राहिल्या. लोक त्याला अपूर्ण देवालय म्हणतात. सगळ्यात मोठी मूर्ती दहा तोंडांच्या दुर्गेची. डोळस माणूस तिच्यासमोर उभा राहतो, “बापरे!” म्हणतो, फोटो काढतो आणि पाच मिनिटांत निघतो. ती एवढी मोठी आहे की नजरेत मावत नाही, आणि म्हणून नजरेनं कळतही नाही.

माझ्या शाळेत एक मुलगी होती, तिला जन्मापासून दिसत नव्हतं. सहलीत तिला बसमध्ये बसवून ठेवायचं असं बाकीच्या शिक्षकांचं मत होतं. मी तिला लालपेठला उतरवलं आणि तिचा हात दगडावर ठेवला. एका टोकापासून ती सरकत गेली. एक नाक. एक ओठ. दुसरं नाक. ती मोजत होती आणि बाकीची पोरं तिच्यामागे ओळीनं, डोळे मिटून, तेच करत होती. मागून एकजण ओरडला, “रावण हाय रावण!” ती म्हणाली, “नाही रे, याच्या कानात दागिना हाय. बाईमाणूस हाय.” मग एका जागी तिची बोटं थांबली. तिथं दगड गुळगुळीत नव्हता. बारीक-बारीक खड्डे, एकाशेजारी एक, एका दिशेनं तिरके. म्हणाली, “मॅडम, इथं कोणीतरी काम करता करता उठून गेला.” त्या छिन्नीच्या खुणांवरून मी कितीदा नजर फिरवली होती. माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं.

तुमच्या चौदा मुलांना तिथं दोन तास द्या. एका मुलाबरोबर एक डोळस मूल असू द्या, पण बोलायला नाही, फक्त पाय अडखळू नये म्हणून. हात कोरडे आणि धुतलेले असावेत, तेल-कुंकवाचा हात दगडाला लागू नये. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवायच्या. वर चढायचं नाही, जमिनीवरून जेवढं हाताला येतं तेवढंच पाहायचं. आधी पुरातत्त्व खात्याला पत्र द्या आणि का येतो ते लिहा, म्हणजे चौकीदार अडवणार नाही. परत आल्यावर मुलांना चिखल द्या आणि जे हाताला लागलं ते करायला सांगा.

आणि सकाळी सातच्या आत पोहोचा. ऊन चढलं की तो दगड तापतो आणि मग हात फार वेळ ठेववत नाही.